संपादकाची खुर्ची रिकामी ठेवू नका



आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी मॅट्रिकची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली म्हणजे आपण तिच्यापुढे कोणकोणते मार्ग ठेवतो? डॉक्टर हो, वकील हो, इंजिनिअर हो, जमल्यास कलेक्टर हो. आणि ह्यांपैकी काहीच न जमल्यास एखाद्या कचेरीत कायमची नोकरी धर. ह्या यादीत मी एक शब्द आजवर ऐकलेला नाही. तो शब्द म्हणजे संपादक. आपल्यापैकी कोणी आपल्या मुलास, "तू वृत्तपत्राचा संपादक हो, अग्रलेख लिही," असे सांगितले आहे काय? अमरावती आणि अकोला ह्या दोन जिल्ह्यांतील न्यायालयांत वकिली करीत असताना शेकडो बौद्ध कुटुंबांशी माझा संबंध आला. त्यांतील एकानेही असे सांगितल्याचे मला ठाऊक नाही. दुसऱ्यांस दोष का द्यावा? मी स्वतःही सांगितले नाही. उलट जो जाऊ पाहत होता त्यास अडविले. त्या चुकीची कबुली देण्यासाठीच आज हा लेख लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात १४ एप्रिलच्या मिरवणुकीची वाट अडविण्यात आली. मिरवणुकीस रीतसर परवानगी होती, मार्ग ठरलेला होता, वेळ ठरलेली होती. तरीही ठराविक वळणावर दगड आले, माणसे जखमी झाली, आणि जखमींत स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात आतल्या पानावर बातमी आली. मथळा होता: 'दोन गटांत दगडफेक, गावात तणावपूर्ण शांतता'. बातमीत परवानगीचा उल्लेख नव्हता. वाट कोणी अडविली ह्याचा उल्लेख नव्हता. मार खाणारा कोण आणि मारणारा कोण हे त्या चार ओळींवरून ब्रह्मदेवालाही कळले नसते.

मी त्या वृत्तपत्रास सविस्तर पत्र लिहिले. आठ दिवसांनी वाचकांच्या पत्रव्यवहारात ते छापून आले. परंतु त्याची केवळ चार वाक्ये उरली होती. त्या चार वाक्यांत गावकऱ्यांनी सलोख्याने राहावे हा माझा उपदेश तेवढा शाबूत होता. दगड कोठून आले हे सांगणारे वाक्य गळाले होते.

आता आपण विचाराल की, वकीलसाहेब, बातमीचे एवढे काय मनावर घेता? न्याय तर न्यायालयात होतो. वृत्तपत्राचे कात्रण हा न्यायालयात स्वतंत्र पुरावा धरला जात नाही, हेही खरे. परंतु बंधूंनो, खटला न्यायाधीशापुढे येण्याअगोदर तो किती लोकांपुढे येतो ह्याचा हिशेब करा. तो तहसीलदार वाचतो, ठाणेदार वाचतो, पुढारी वाचतो, साक्ष देण्याची ज्यास भीती वाटते असा शेजारी वाचतो. 'दोन गट' ह्या दोन शब्दांनी फिर्यादी आणि आरोपी एकाच तागडीत बसले. लगोलग समोरच्या बाजूनेही उलट फिर्याद दाखल झाली. तडजोड करा, दोघेही मागे घ्या, असे सांगणारी मंडळी घरोघरी हिंडू लागली. जो प्रश्न हक्काचा होता तो भांडणाचा झाला. न्यायालयाच्या पायरीवर मी पाय ठेवला तेव्हा निम्मा खटला त्या चार ओळींनी आधीच हरविलेला होता.

त्या दिवशी माझा भाचा मजजवळ बसला होता. तो पदवीच्या शेवटच्या वर्षात होता आणि गावची हकीकत त्याने स्वतः माणसामाणसाला विचारून वहीत उतरवून आणली होती. तो म्हणाला, "मामाजी, कोर्टात तुमचं ऐकाले जज्ज असते. पन गावात काय झालं थे पह्यले कोन सांगते, त्याच्यावरच सारं हाये. मले पेपरात काम कराचं हाये." मी त्यास म्हणालो, "वेडा आहेस. पेपरात पगार नाही, पेन्शन नाही. आधी परीक्षा दे." त्याने माझे ऐकले. तो आज एका कचेरीत इमानाने नोकरी करतो आहे. त्या वह्या आता तो काढीत नाही.

बाबासाहेब संपादक का झाले?

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो, धम्मदाते म्हणून वंदन करतो. ते बॅरिस्टर होते, प्राध्यापक होते, मंत्री होते, हे शाळेतील पोरही सांगते. परंतु ह्या सर्व पदव्यांच्या रांगेत 'संपादक' ही पदवी आपण क्वचितच उच्चारतो. वास्तविक त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवातच वृत्तपत्राने झाली आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. तोपर्यंत महाडचा सत्याग्रह झालेला नव्हता. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झालेली नव्हती. बॅरिस्टरची सनदही हाती आलेली नव्हती. हातात केवळ लेखणी होती, आणि छत्रपती शाहू महाराजांनी दिलेले अडीच हजार रुपये होते.

त्या वेळी बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात सरकारी प्राध्यापक होते. म्हणून संपादक म्हणून नाव छापले गेले ते पांडुरंग नंदराम भटकर ह्यांचे. नव्या पत्राची जाहिरात 'केसरी'कडे पाठविली, पैसे मोजण्याची तयारी दाखविली. तरीही 'केसरी'ने ती छापली नाही. ही गोष्ट पुढे १९२७ साली बाबासाहेबांनी स्वतः नमूद करून ठेविली आहे. बंधूंनो, ह्या एका प्रसंगात माझ्या आजच्या लेखाचे सारे सार आहे. जो पैसे देऊनही दुसऱ्याच्या पत्रात दोन ओळी छापून घेऊ शकत नाही, त्यास स्वतःचे पत्र काढण्यावाचून गत्यंतर नसते.

'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजास मनोऱ्याची उपमा दिली. ह्या मनोऱ्याला मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाण्यास शिडी नाही; ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. जातिव्यवस्थेवर पुढे किती ग्रंथ निघाले! परंतु खेड्यातील अक्षरओळख असलेल्या माणसास एका क्षणात उमजावे असे हे चित्र वृत्तपत्राच्या रकान्यातून आले. संपादकाचे काम ते हेच. जे शास्त्रात आहे, आकड्यांत आहे, कायद्याच्या कलमांत आहे, ते सामान्य माणसाच्या पदरात घालावयाचे.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. मागे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप ह्यांनी काही काळ पत्राची धुरा वाहिली, परंतु १९२३ साली 'मूकनायक' बंद पडला. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाला. तारीख लक्षात घ्या. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी घेतले गेले आणि दोन आठवड्यांच्या आत पत्राचा पहिला अंक लोकांच्या हाती होता. तळ्यावर काय घडले, ओंजळभर पाण्यासाठी कोणाची डोकी फुटली, हे दुसऱ्यांनी आपल्या सोयीने सांगण्यापूर्वी आपण आपल्या तोंडाने सांगितले पाहिजे, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने पुरते ओळखले होते.

हे पत्र चालविणे म्हणजे काय दिव्य होते! पगारी लेखक नाहीत, वार्ताहर नाहीत. दिवसा न्यायालय, कायदे कौन्सिलचे काम, पोटासाठी शिकवणी. आणि रात्री अंकाचे वीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून भरावयाचे. 'आजकालचे प्रश्न', 'प्रासंगिक विचार' ही सदरे तेच लिहीत. वर्गणीदार थोडे, वर्गणी थकलेली, आणि छपाईचे कर्ज डोक्यावर. अखेरीस फेब्रुवारी १९२८ मध्ये त्यांना आपल्याच लोकांना लेख लिहून विचारावे लागले की, ह्या पत्राचे ऋण हे सर्व समाजाचे ऋण नव्हे काय? १९२९ च्या नोव्हेंबरात ते पत्रही थांबले. परंतु लेखणी थांबली नाही. मधल्या काळात २९ जून १९२८ रोजी 'समता' निघाले होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाले. आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याच 'जनते'चे 'प्रबुद्ध भारत' झाले. १९२० ते १९५६ ही छत्तीस वर्षे होतात. ज्या माणसाने घटनेचा मसुदा लिहिला त्याने एवढा काळ वृत्तपत्राचा नाद सोडला नाही, ह्यात काही अर्थ असला पाहिजे की नाही?

अमरावतीचा धडा

आपण वऱ्हाडची माणसे आहोत. तेव्हा आपल्या मातीतील एक प्रसंग सांगतो. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले करावे, हा प्रश्न पुढे होता. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम ह्यांच्या निधनाची वार्ता आली. घरी दुःखाचा डोंगर कोसळला असतानाही परिषदेचे काम पुरे झाले. सत्याग्रह लगेच करावयाचा की मंदिराच्या पंचांना मुदत द्यावयाची, ह्यावर खल होऊन मुदत देण्याचे ठरले.

आज आपल्याला मंदिराचे प्रयोजन उरलेले नाही. आपण धम्म स्वीकारला आहे. परंतु त्या परिषदेत सामान्य माणसाने काय मागितले, पंचांनी काय उत्तर दिले, कोणी साथ दिली, कोणी पाठ फिरविली, हे आज आपल्याला समजते ते कशामुळे? त्या काळी 'बहिष्कृत भारता'सारखी आपली पत्रे होती म्हणून समजते. ज्यांची सभा त्यांच्याच पत्रात नोंदली गेली नाही, त्यांची सभा झालीच नाही असे इतिहास मानतो. नागपूरच्या किसन फागुजी बनसोडे ह्यांनी १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ साली 'विटाळ विध्वंसक', १९१८ साली 'मजूर पत्रिका' आणि १९३१ साली 'चोखामेळा' अशी एकामागून एक पत्रे काढली. एक बंद पडले की दुसरे. धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचे बाबासाहेबांशी जमले नाही, तो भाग वेगळा. परंतु खिशात पैसा नसताना वीस वर्षे छपाईच्या यंत्राशी झुंजणाऱ्या त्या माणसापुढे आपण मान लववलीच पाहिजे.

न्यायालय काय करते आणि संपादक काय करतो

मी वकील आहे. म्हणून न्यायालयाचा अवमान माझ्या हातून होणार नाही. परंतु न्यायालयाची मर्यादा वकिलाइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. चवदार तळ्याचाच दावा पाहा. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या स्पृश्य मंडळींनी दावा दाखल केला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. महाड, ठाणे आणि मुंबईचे उच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या चढून अखेरचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. सव्वानऊ वर्षे! आणि निकाल कोणत्या मुद्द्यावर लागला? अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादि कालापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, ह्या मुद्द्यावर. आपण जिंकलो. परंतु माणसाला माणसाच्या तळ्यावर पाणी पिण्याचा हक्क आहे की नाही, हा खरा प्रश्न न्यायालयापुढे काढलेल्या मुद्द्यांत नव्हताच. न्यायाधीश मुद्द्यांच्या बाहेर जाऊ शकत नाही. संपादक जाऊ शकतो. नव्हे, त्याने गेलेच पाहिजे. न्यायालयात दावा रेंगाळत असताना सव्वानऊ वर्षे तो खरा प्रश्न जिवंत कोणी ठेवला? सभांनी आणि वृत्तपत्रांनी.

बाबासाहेबांना ह्या दोन्ही व्यवसायांचे नाते नेमके ठाऊक होते. 'देशाचे दुश्मन' ह्या पुस्तकाबद्दल दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदींना शिक्षा झाली तेव्हा १९२६ साली अपिलात त्यांच्या बाजूने उभे राहून त्यांची सुटका करून घेणारे वकील बाबासाहेबच होते. १९३४ साली र. धों. कर्वे ह्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटला झाला तेव्हाही त्यांनीच बाजू मांडली. तो खटला हरला. परंतु अप्रिय मत छापण्याचा हक्क म्हणजे काय हे त्यांनी न्यायालयात उभे राहून दाखविले. घटनेच्या १९ व्या कलमातील भाषणस्वातंत्र्य हे केवळ पुस्तकातून आलेले नाही. त्यावर अशा अनुभवाची राख माखलेली आहे. पुढे १९६१ साली पुण्याच्या 'सकाळ' वृत्तपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच हक्क आणखी स्पष्ट केला: पृष्ठसंख्येवर आणि किमतीवर बंधन घालून वृत्तपत्राचा प्रसार आखडणे म्हणजेच भाषणस्वातंत्र्य आखडणे होय. हक्क कागदावर भरपूर आहे. तो वापरणारे हात आपले आहेत काय, एवढाच प्रश्न आहे.

मतपृष्ठावर कोण बसतो?

वृत्तपत्रात काम करणारे सर्वच एक काम करीत नाहीत, हे समजून घ्या. वार्ताहर घटना आणतो. उपसंपादक तिची काटछाट करून मथळा देतो. आणि मतपृष्ठाचा संपादक ठरवितो की, आजचा अग्रलेख कशावर, कोणाचा लेख घ्यावयाचा, कोणाचे पत्र छापावयाचे, त्यातील कोणते वाक्य ठेवावयाचे आणि कोणते गाळावयाचे. माझ्या पत्रातील वाक्य ज्याने गाळले तो माणूस दुष्ट असेलच असे मी म्हणत नाही. बहुधा त्यास ते वाक्य महत्त्वाचे वाटलेच नसेल. ज्याच्या घरावर कधी दगड आला नाही, त्यास दगड कोठून आला हा तपशील फालतू वाटतो. हाच खरा धोका आहे. द्वेषाशी लढता येते. न दिसण्याशी लढणे फार अवघड असते.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. आपल्या विदर्भातील ही घटना. परंतु तिचे खरे स्वरूप मोठ्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर येण्यास कित्येक आठवडे लागले. नोव्हेंबरात विदर्भातील शहरांतून लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कोठे देशास जाग आली. त्या आठवड्यांत मतपृष्ठावर आपला एक माणूस बसला असता तर? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

काही आकडे सांगतो. १९९६ साली दिल्लीतील ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल ह्यांना एका परदेशी वार्ताहराने एखाद्या दलित पत्रकाराचे नाव विचारले. त्यांनी शोध शोध शोधले. त्यांना एकही सापडला नाही, आणि तसे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. २००६ साली दिल्लीतील ३७ वृत्तसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ व्यक्तींची पाहणी झाली. त्यांत अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. २०१९ साली पुन्हा पाहणी झाली. १२१ प्रमुख पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते, आणि अनुसूचित जाती-जमातींचा त्या पदांवर एकही नव्हता. विधिमंडळात आपली माणसे आहेत, न्यायालयात आहेत, सचिवालयात आहेत. कारण तेथे घटनेने दार उघडले. संपादकाच्या खोलीला घटनेचे दार नाही. तेथे राखीव जागा नाही. तेथे आपल्यालाच आत शिरले पाहिजे.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप पोटाचा. मी स्वतः तो माझ्या भाच्यापुढे मांडला होता आणि तो खोटा नाही. जिल्ह्याच्या वार्ताहराचा पगार तुटपुंजा असतो, नोकरीची शाश्वती नसते. परंतु माझ्या व्यवसायाची पहिली पाच वर्षे काय मोठी सुखाची होती? बार रूमच्या कोपऱ्यात बसून मीही चहा मोजून प्यायलो आहे. तरीही माझ्या आईवडिलांनी मला सनद सोडावयास लावले नाही. कारण वकील होणे ही समाजाची गरज आहे हे त्यांना पटले होते. संपादक होणे ही समाजाची गरज आहे हे आपल्याला अजून पटलेले नाही, एवढाच फरक आहे.

दुसरा आक्षेप असा की, आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे, जो तो आपले मत जगापुढे मांडू शकतो. मग वृत्तपत्र हवे कशाला? बंधूंनो, ओरडणे आणि साक्ष देणे ह्यांत फरक आहे. फोनवर रात्री आलेली बातमी सकाळी खोटी ठरते, आणि खोटी ठरली म्हणजे आपली खरी तक्रारही तिच्याबरोबर बुडते. मी अशी बुडालेली प्रकरणे पाहिली आहेत. संपादक म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस: तू हे स्वतः पाहिलेस काय? दुसऱ्याची बाजू घेतलीस काय? कागद कोठे आहे?

तिसरा आक्षेप असा की, आपली स्वतःची पत्रे आहेत, तेवढी पुरेत. आपली पत्रे असलीच पाहिजेत; त्यांच्यावाचून आपण मुके होऊ. परंतु आपल्या पत्रात आपण आपल्याशी बोलतो. ठाणेदार आणि तहसीलदार जे वृत्तपत्र सकाळी उघडतात, त्याच्या मतपृष्ठावरही आपला माणूस हवा. अमेरिकेतील नीग्रो समाजाने हे दोन्ही मार्ग चोखाळले. १८२७ साली त्यांनी 'फ्रीडम्स जर्नल' हे स्वतःचे पहिले पत्र काढले. आयडा वेल्स ह्या बाईने १८९२ साली मेम्फिस शहरातील आपल्या पत्रात झुंडीने होणाऱ्या हत्यांविरुद्ध अग्रलेख लिहिला. जमावाने तिचे कार्यालय मोडले. तिने शहर सोडले, परंतु विषय सोडला नाही. गावोगावची प्रकरणे तपासून, आकडे गोळा करून, तिने ते पुढे मोठ्या पत्रांच्याही वाचकांपुढे नेले आणि समुद्रापार इंग्लंडातही नेले. गुलामाची मुलगी म्हणून जन्मलेल्या त्या बाईपासून आमच्या मुलींना पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

लेखणीचे शील

परंतु ज्याच्या हाती लेखणी द्यावयाची त्यास शीलही दिले पाहिजे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवरील भाषणात बाबासाहेबांनी खंत व्यक्त केली होती की, हिंदुस्थानातील पत्रकारिता एके काळी व्यवसाय होती, ती आता साबण करण्यासारखा धंदा झाली आहे. ती टीका दुसऱ्यांवर होती म्हणून आपण टाळ्या वाजवू नयेत. उद्या आपला माणूस त्या खुर्चीवर बसला आणि त्यानेही तेच केले, तर तीच टीका त्यासही लागू आहे.

आपण चौथे शील घेतले आहे: खोटे बोलणार नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. तथागतांनी कालामांना सांगितले की, केवळ ऐकिवात आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका. संपादकाच्या टेबलावर ठेवण्यास ह्याहून चांगला नियम मला ठाऊक नाही. 'आपल्या माणसाने सांगितले' एवढ्यावर आपली बातमीही छापावयाची नाही.

कायदाही हेच सांगतो. १८६७ च्या जुन्या कायद्याने संपादकाचे नाव अंकावर छापणे पुढे बंधनकारक झाले, ते उगाच नव्हे. जो लिहितो आणि निवडतो त्याने जबाबदारी घ्यावी म्हणून. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. अब्रुनुकसानीचा गुन्हा पूर्वी दंडसंहितेच्या ४९९ आणि ५०० कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. परंतु त्यातील अपवादही वाचा. लोकहितासाठी सांगितलेले सत्य, सरकारी नोकराच्या कारभारावर सद्‌बुद्धीने केलेली टीका, ह्यांना कायदा संरक्षण देतो. जो तपासून लिहितो त्यास भिण्याचे कारण नाही. निदान त्याच्या बाजूने उभे राहण्यास आम्ही वकील आहोत.

आता आपण काय करावे?

हे सारे ऐकून आपण घरी जाल आणि विसराल, असे होऊ नये म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो.

एक. आपल्या घरी निदान एक वृत्तपत्र आणि एक आपले पत्र वर्गणी भरून घ्या. फुकट आलेला अंक माणूस वाचीत नाही. 'बहिष्कृत भारत' कशाने थांबला हे वर सांगितलेच आहे.

दोन. विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास त्या आठवड्याची एक बातमी आणि एक अग्रलेख मोठ्याने वाचा. मुलांना विचारा: ह्यात काय सांगितले आहे? काय सांगितलेले नाही? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

तीन. गावात काही घडले तर त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, वेळ, जागा, कोण हजर होते, कोण काय बोलले. वकिलास हे लागते, वार्ताहरासही हेच लागते. पत्र लिहा; छापले नाही तर पुन्हा लिहा. १९५६ नंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती नाकारण्यात आल्या. त्या मिळविण्यास १९९० साल उजाडावे लागले. ती चौतीस वर्षे मोर्चे निघाले, अर्ज झाले, आणि लिहिणाऱ्यांनी लिहिणे सोडले नाही.

चार. ज्या मुलास किंवा मुलीस लिहिण्याची ओढ आहे, त्यास अडवू नका. पूर्वी पत्रकारितेचे शिक्षण घेण्यास दूरचे शहर गाठावे लागे. आज भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आपल्या अमरावतीतच आहे आणि तेथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. अकोल्याच्या मुलीस सकाळी गाडीत बसून दुपारपूर्वी तेथे पोहोचता येते. अंतर आता रस्त्याचे राहिलेले नाही. ते आपल्या मनाचे आहे.

माझ्या भाच्याची धाकटी बहीण यंदा पदवीधर झाली. गेल्या महिन्यात ती माझ्या बैठकीत आली. हातात भावाच्या त्या जुन्या वह्या होत्या. ती म्हणाली, "मामाजी, दादाले तुम्ही नाही म्हनलं होतं. मले काय म्हनता?" मी पुष्कळ वेळ काहीच बोललो नाही. नंतर तिला म्हणालो की, बाई, प्रवेशाचा अर्ज आण. फी मी भरतो. परंतु एक अट आहे. तू ज्या दिवशी मतपृष्ठावर बसशील त्या दिवशी एखाद्या खेड्यातून एखाद्या अनोळखी वकिलाचे लांबलचक पत्र येईल. ते काटलेस तर काट. जागेची अडचण मला समजते. पण दगड कोठून आला ते वाक्य मात्र राहू दे.

जय भीम!